सतरा अंकी संख्या हाताने कशी उलगडायची

१२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढलेली आणि पुन्हा एकपर्यंत उतरलेली ही संख्या. गिरगावातल्या आमच्या चाळीत संध्याकाळी मुलं माझ्याकडे गणितं घेऊन येतात. नववी-दहावीतल्या मुलांना मी मे महिन्याच्या सुट्टीत हीच संख्या देते. हिचे मूळ अवयव काढा, हिला एकूण किती विभाजक आहेत ते सांगा, ही कुणाचा वर्ग आहे का ते बघा. मोबाइल बाजूला, चौकटीची वही आणि पेन्सिल समोर.

बहुतेक मुलं लगेच २ ने, ३ ने, ५ ने, ७ ने भागत सुटतात आणि थोड्या वेळाने वही मिटतात. माझं सांगणं एवढंच की भागाकार सर्वांत शेवटी करायचा. आधी संख्या रचली कशी आहे ते पाहायचं. तेवढं नीट पाहिलं, तर जिथे १०६ भागाकार करावे लागले असते तिथे १७ पुरतात, आणि ते का पुरतात हेही कळतं. ते सगळं इथे ओळीने करून दाखवते.

वही, आणि एक्सेल का नको

चौकटीच्या वह्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक मिळतात. एका चौकटीत एकच अंक लिहायचा. मोठ्या संख्येत चूक होते ती बहुधा गणिताची नसते, घर चुकल्याची असते.

संगणकावर का नको, तेही सांगते. ही संख्या एक्सेलच्या घरात टाइप करून पाहा. तिथे पहिले १५ अंकच राहतात आणि पुढचे शून्य होतात. तुमची संख्या १२३४५६७८९८७६५४३०० होऊन बसते, म्हणजे चक्क १०० ने भाग जाणारी. आपली संख्या तर विषम आहे! फोनवरचे बरेच कॅल्क्युलेटरही शेवटचे अंक सोडून देतात. ज्या अंकांवर सगळं अवलंबून आहे, नेमके तेच हरवतात.

आता वाचन. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. बोलायचं तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ इतके कोटी, आणि वर ७६ लाख ५४ हजार ३२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. आपली संख्या सतराव्या घरात, ‘मध्य’ या स्थानावर येते. परार्ध फक्त एक घर पुढे. सेकंदाला एक या वेगाने कुणी इथपर्यंत मोजत बसलं तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. मुलांना हा आकडा सांगते, म्हणजे एकेक करून शोधत बसण्याचा विचार मनातून जातो.

अंकांची बेरीज

मी फोर्टमधल्या एका बँकेत क्लिअरिंगला होते. दिवसाअखेर दोन बेरजा जुळल्या नाहीत की पहिल्यांदा फरक ९ ने भागून बघायचा. पूर्ण भाग गेला, तर कुणीतरी दोन अंकांची अदलाबदल केली असण्याचा संशय घ्यायचा. ५४८१ च्या जागी ५८४१ लिहिलं तर फरक ३६० पडतो, आणि तो ९ च्या पटीत असतो. कारण १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणून अंक कुठल्याही घरात असला तरी ९ च्या हिशेबात त्याचं वजन तेवढंच.

आपल्या अंकांची बेरीज ८१ येते. म्हणजे ९ ने निःशेष भाग जातो, हे पक्कं. इथे थांबा. बेरीज ८१ आहे म्हणून ८१ नेही भाग जातो असं म्हणू नका. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ ला २७ ने भाग जात नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी.

आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो का, हे ९ ने दोनदा भागून बघावं. पहिल्यांदा १३७१७४२१०९७३९३६९ येतात, दुसऱ्यांदा १५२४१५७८९९७१०४१. दोन्ही वेळा बाकी शून्य. म्हणजे ही संख्या स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भागली जाते. अशा संख्यांना गणिती द. रा. कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. कापरेकरांकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

तीन-तीनचे गट

आता लाख-कोटीचे स्वल्पविराम खोडा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा:

१२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१

एवढ्याने पाच मूळ संख्यांचा निकाल लागतो. ९९९ = २७ × ३७. म्हणून १००० ला २७ किंवा ३७ ने भागलं की बाकी १, आणि सगळे गट नुसते मिळवले तरी चालतात. १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. आणि २९९७ म्हणजे ९९९ ची तिप्पट. म्हणजे २७ आणि ३७, दोन्हींनी भाग जातो. ३७ हा अवयव असा आपोआप हाती लागतो. एरवी तो शोधायला मुलांना बराच वेळ लागला असता.

तसंच १००१ = ७ × ११ × १३. इथे १००० ची बाकी उणे १ येते, म्हणून गट आलटून पालटून मिळवायचे आणि वजा करायचे. उजवीकडून ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. या ३०९ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने १, १३ ने १०. तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. एका ओळीत तीन मूळ संख्या बाद. शाळेत ७ ची कसोटी म्हणून जे क्लिष्ट प्रकार पाठ करून घेतात, त्यांच्यापेक्षा हा मला कितीतरी सरस वाटतो, कारण याचं कारण एका वाक्यात सांगता येतं.

ही वर्गसंख्या आहे का

चार झटपट तपासण्या आहेत. वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७, ८ नसतो. आपला १ आहे. अंकांची बेरीज करत करत एकच अंक उरवला तर वर्गासाठी तो १, ४, ७ किंवा ९ असतो, आपला ९. विषम वर्गाचा दशकस्थानचा अंक सम असतो, आपला २. विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी १ उरते, आणि त्यासाठी शेवटचे तीन अंक पुरतात: ३२१ = ८ × ४० + १. चारही ठिकाणी पास. अर्थात यातून सिद्ध काहीच होत नाही, पण शोध घेण्याजोगं काहीतरी आहे एवढं कळतं.

आता लहान भावंडं बघा. ११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. कागदावर १११११११११ ला त्याच संख्येने गुणा. नऊ ओळी येतील, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं नवव्या रकान्यात नऊ १ पडतात आणि पुढे पुन्हा एकेक कमी होत जातात. कुठल्याच रकान्याची बेरीज १० होत नाही, म्हणून हातचा येतच नाही, आणि रकान्यांची उंची तशीच्या तशी उत्तरात उतरते. तर आपली संख्या म्हणजे नऊ एकांचा वर्ग.

याच कारणाने ही गंमत नवावर थांबते. दहा एकांचा वर्ग करा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा १ पडले, हातचा आला, आणि चढ-उतार मोडला.

अशा संख्यांचा अभ्यास कापरेकरांनी केला. जन्म डहाणूचा, १९०५ चा. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. जी. आय. पी. रेल्वेच्या काळात डोंबिवली स्टेशनाला डेम्लो असं नाव होतं. तिथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून या संख्यांच्या कुळाला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, आणि १२१, १२३२१ या वर्गांच्या मालिकेला वंडरफुल डेम्लो. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ते जगभर माहीत आहेत, पण सीएसएमटीहून रोज संध्याकाळी डोंबिवलीला उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? त्या फलाटावर या संख्येची पाटी लागावी असं मला फार मनापासून वाटतं.

एकांचा डोंगर फोडणे

सतरा अंकांचं काम आता नऊ अंकांवर आलं. १११११११११ फोडायचे. नऊ म्हणजे तीन त्रिक. तेव्हा १११ हा तुकडा तीन वेळा ठेवला आहे असं बघा:

१११११११११ = १११ × १००१००१

हे भाग देऊन सापडलेलं नाही, नुसतं बघून सापडलं. १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग: १००१००१ = ३ × ३३३६६७.

उरली ३३३६६७. ही मूळ आहे का? खरं गणित इथे आहे, म्हणून इथे सावकाश वाचा.

नेहमीची रीत अशी: वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणजे ५७७ पर्यंत जायला हवं. तिथवर १०६ मूळ संख्या आहेत. होईल, पण संध्याकाळ जाईल.

त्याऐवजी हा प्रश्न विचारा: ३३३६६७ ला भागू शकणारी मूळ संख्या दिसायला कशी असेल? समजा अशी एक मूळ संख्या आहे. ती १००१००१ ला भागते, आणि १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९, म्हणून ती नऊ नवांनाही भागते. म्हणजे १ ला तिने भागत गेलं तर दशांशातले अंक दर नऊ घरांनी पुन्हा तेच येतील. पुनरावृत्तीचा सर्वांत लहान गट ९ अंकी असेल, नाहीतर ३ किंवा १ अंकी. ३ किंवा १ असेल तर ती संख्या ९९९ ला भागणार, म्हणजे ती ३ किंवा ३७. पण तिने १००० ला भागलं की बाकी १ उरते, म्हणून १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३ येते. ही ३ निःशेष जायला ती संख्या ३ च असायला हवी, आणि ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्यामुळे ३ ने भाग जात नाही. तेव्हा गट नऊचाच.

आता फर्माचा सिद्धान्त. या फ्रेंच गणित्याने १६४० साली एका पत्रात जे लिहिलं त्यातून असं निघतं की मूळ संख्येतून १ वजा केला की जे उरतं त्याला या गटाच्या लांबीने पूर्ण भाग जातो. (२ आणि ५ सोडून, त्यांचे दशांश संपतात.) म्हणजे आपली मूळ संख्या ९ च्या पटीपेक्षा एकने जास्त. शिवाय ती विषम आहे, म्हणून १८ च्या पटीपेक्षा एकने जास्त. १९, ३७, ५५, ७३, ९१... या रांगेतल्या ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या फक्त सतरा. प्रत्येकीने ३३३६६७ ला भागून आलेली बाकी देते, म्हणजे तुमची पडताळून घेता येईल:

१९ ने ८, ३७ ने १, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११, ५७७ ने १६१.

एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ आहे. आणि ज्या मूळ संख्येच्या दशांशात बरोबर नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो अशी ही एकटीच, कारण दुसरी कुणी असती तर ती याच फोडीत सापडली असती. १ ÷ ३३३६६७ करून पाहा: ०.०००००२९९७०००००२९९७... हा भागाकार मुलांना मी मुद्दाम शेवटपर्यंत करायला लावते. नऊ घरं झाली की बाकी पुन्हा १ येते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तो क्षण स्वतःच्या हाताने अनुभवायचा असतो.

तर, १२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

अवयवांवरून बाकीचं

विभाजकांची संख्या मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा. ५ × ३ × ३ = ४५. ही विषम आहे. विभाजक जोड्यांनी येतात, आणि वर्गाच्या बाबतीत वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच.

सगळ्या विभाजकांची बेरीज हवी असेल तर तीन कंस:

(१ + ३ + ९ + २७ + ८१) = १२१
(१ + ३७ + १३६९) = १४०७
(१ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९) = १११३३४०००५५७

तिसऱ्या कंसातला वर्ग लांबलचक गुणाकाराने करू नका. ३३३६६७ × ३३३ = १११११११११ हे आपल्याला आता माहीत आहे, मग ३३३६६७ × ६६६ = २२२२२२२२२. पहिल्यापुढे तीन शून्यं, दुसऱ्यात ३३३६६७ मिळवा, बेरीज करा, वर्ग तयार. १११३३३६६६८८९ हे उत्तर बघून मला अजूनही आनंद होतो.

तिन्ही कंसांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. आता ताळा घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. बँकेत लागलेली ही सवय मी मुलांनाही लावते. नऊचा ताळा: कंसांचे एकेक अंक ४, ३, ३, गुणाकार ३६, म्हणजे ९. उत्तराच्या अंकांची बेरीज ९९, तीही ९ वरच येते. पण नऊच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल सापडत नाही, म्हणून अकराचा ताळाही घ्या. १२१ ला ११ ने भाग जातो, तेव्हा उत्तरालाही जायला हवा. उत्तरातल्या एकाआड एक घरांच्या बेरजा ४४ आणि ५५, फरक ११. बरोबर.

यातून आपली सतरा अंकी संख्या वजा केली की ६६०८६००६० कोटींहून अधिक, नेमकं सांगायचं तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची ही बेरीज संख्येपेक्षा कमी भरते, म्हणून ही न्यून संख्या. विषम संख्या बहुतेक वेळा न्यूनच निघतात, त्यामुळे यात नवल नाही.

नवल पुढे आहे. ३७ = ६² + १². त्यावरून ३७² = ३५² + १२² मिळतं: ६² − १² = ३५ आणि २ × ६ × १ = १२. आता १११११११११ ÷ ३७ = ३००३००३. दोन्ही बाजूंना याने गुणा:

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १११११११११²

पायथागोरसचं त्रिकुट, आणि कर्णावर नऊ एक! आपली संख्या दोन शून्येतर वर्गांची बेरीज म्हणून मांडायची ही एकच तऱ्हा आहे. कारण ३ आणि ३३३६६७ या मूळ संख्यांना ४ ने भागलं की बाकी ३ उरते, आणि तशा मूळ संख्या अशी फोड होऊ देत नाहीत; फक्त ३७ ची बाकी १ आहे. सगळी कामगिरी ३७ ची.

तुमच्यासाठी

दहा एकांचा वर्ग, १२३४५६७९००९८७६५४३२१, स्वतः करा. दहा म्हणजे पाच-पाचचे दोन तुकडे: १११११ × १००००१. १११११ मधून ४१ आणि २७१ निघतील. १००००१ ला ११ ने भाग जातो आणि ९०९१ उरतात. ९०९१ ला भागू शकणारी मूळ संख्या १० च्या पटीपेक्षा एकने जास्त असली पाहिजे. का, ते वरच्यासारखंच मांडून पाहा. वर्गमूळ ९५ च्या थोडं पुढे, म्हणून ११, ३१, ४१, ६१ आणि ७१ एवढेच पाच भागाकार. बाक्या अनुक्रमे ५, ८, ३०, २, ३ आल्या की ९०९१ मूळ. मग विभाजक मोजा. ८१ यायला हवेत.